मॅमथच्या दाताला टाकी कोण लावतं?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फोटो आला. खड्ड्यात पडलेला अवाढव्य मानवी सांगाडा, बाजूला मुंगीएवढी दिसणारी माणसं, आणि खाली मजकूर की हा घटोत्कचाचा सांगाडा उत्तर भारतात सापडला, नॅशनल जिऑग्राफिकने सुद्धा मान्य केलंय. फोटो बनावट आहे हे एव्हाना बऱ्याच जणांना कळलंय, पण त्याच्याखाली दडलेला मूळ फोटो कशाचा आहे ते फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तर ती खरी गोष्टच जास्त भारी वाटते.

खड्डा खरा आहे. न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क म्हणून गाव आहे, तिथे एका घरामागचं तळं खोल करताना मोठमोठी हाडं निघाली, मग 2000 साली इथाकाच्या पॅलिऑन्टॉलॉजिकल रिसर्च इन्स्टिट्यूशनने तिथे व्यवस्थित उत्खनन केलं. हाडं होती मॅस्टोडॉनची, म्हणजे हत्तीच्या लांबच्या भाऊबंदाची, आणि जवळजवळ अख्खा सांगाडा हाती लागला. त्या खोदकामाच्या फोटोवर 2002 साली एकाने ऑनलाइन फोटो एडिटिंगच्या स्पर्धेसाठी माणसाचा सांगाडा चिकटवला, बस. नॅशनल जिऑग्राफिकने 2007 मध्ये रीतसर खुलासा केला तरी तो फोटो फिरतोच आहे. पण मला आवडते ती पुढची गोष्ट. त्या तळ्यातला गाळ पाकिटं भरभरून अमेरिकेतल्या शाळांना पाठवला आणि पोरांनी तो चिवडून त्यातल्या काड्या, बिया, शिंपले, हाडांचे तुकडे वेगळे काढून दिले. भीमाच्या पोराच्या नावाने खोटं फॉरवर्ड करण्यापेक्षा आपल्या पोरांच्या हातात असा मूठभर गाळ देता आला असता तर काय मजा आली असती!

मला जुनी हाडं-दात, म्हणजे जीवाश्म शोधायचा हा नाद लागला तो फ्लोरिडात. मुलगी टॅम्पाला असते, तिच्याकडे दोन हिवाळे राहिलो आणि दोन्ही वेळा पीस नदीवर गेलो. आर्केडिया, वॉचुला या गावांजवळून ही नदी वाहते. पाणी चहासारखं तपकिरी, कारण पानांमधलं टॅनिन उतरलेलं असतं. हिवाळ्यात पाऊस कमी, नदी गुडघा-मांडीएवढी होते, मग लोक फावडं आणि चाळण घेऊन उतरतात. चाळण म्हणजे लाकडी चौकट आणि खाली पाव इंची जाळी, आपल्याकडे गवंडी वाळू चाळायला वापरतात तशीच. तळाशी रेतीखाली खडीचा थर लागला की फावड्याला करकर आवाज येतो, तिथे थांबायचं आणि चाळायला घ्यायचं. मगरींच्या जातीतल्या ॲलिगेटर तिथे आहेत, त्यामुळे खोल डोहाकडे जायचं नाही आणि एकट्याने तर नाहीच.

पहिल्याच चाळणीत शार्कचे दात निघतात आणि नवीन माणूस चक्रावतो की नदीत शार्क कुठून आला. तर ही नदी वेगवेगळ्या काळांचे थर कापत वाहते. कोट्यवधी वर्षांपूर्वी फ्लोरिडावर समुद्र होता तेव्हाचे शार्क आणि समुद्रगाईंच्या जड काळ्या बरगड्या, आणि त्यानंतर खूप उशिरा, हिमयुगात जमिनीवर हिंडणारे मॅमथ (हत्तीचे आता नामशेष झालेले भाऊबंद), मॅस्टोडॉन, घोडे, उंट, टॅपिर, कारएवढे कवचवाले ग्लिप्टोडॉन्ट, असं सगळं एकाच खडीत कालवलं गेलंय. म्हणून शेजारी शेजारी सापडलं तर ते एकाच काळातलं असं समजायचं नाही. रंगावरून वय ठरवायचं नाही हेही तिथेच शिकलो, हाड काळं पडतं ते आजूबाजूच्या मातीतली खनिजं शोषून, म्हातारपणामुळे नाही.

घोड्याचे दात तर इतके निघतात की तिकडचे लोक फार कौतुक करत नाहीत, मला मात्र दर वेळी नवल वाटतं. घोडा मुळात अमेरिकेतलाच प्राणी, तिथेच त्याची उत्क्रांती झाली, साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी तिथून नामशेष झाला आणि मग स्पॅनिश लोकांनी जहाजातून परत नेला.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. दुसऱ्या वर्षी मला एक चपटा, तळहाताएवढा, लाटालाटांचा काळा तुकडा मिळाला. मी दगड म्हणून टाकणार होतो, शेजारी चाळणाऱ्या एका आजोबांनी हात धरला आणि म्हणाले, ही मॅमथच्या दाताची प्लेट आहे.

मॅमथची दाढ म्हणजे आपल्या दाढेसारखा एक गठ्ठा नसतो. डिंक लावून उभ्या चिकटवलेल्या वह्यांची चळत डोळ्यासमोर आणा. प्रत्येक वही म्हणजे इनॅमलचं, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाचं पाकीट, आत डेंटिन, म्हणजे दाताचा आतला भाग भरलेला, आणि दोन पाकिटांच्या मध्ये डिंक म्हणून सिमेंट नावाचा पदार्थ. फ्लोरिडातल्या कोलंबियन मॅमथच्या शेवटच्या दाढेत अशा वीसच्या आसपास प्लेटा असतात. आता ही चळत वरून घासली गेली की काय होईल? इनॅमल सगळ्यात कडक, डेंटिन त्याहून मऊ, सिमेंट आणखी मऊ. तिन्ही वेगवेगळ्या वेगाने झिजणार, म्हणजे मऊ भाग खोलगट होणार आणि इनॅमलच्या कडा वर उभ्या राहणार, कायमच्या.

लहानपणी आमच्या गल्लीत "टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽय" अशी हाळी यायची ती आठवते का? पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, घसरतो, जात्याचंही तेच, म्हणून ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन बसायची आणि टाकी लावून पाटा परत खरबरीत करून द्यायची. पाटा सगळीकडून सारखाच कडक असतो म्हणून तो सारखाच झिजतो आणि गुळगुळीत होतो. मॅमथच्या दाढेत कडक आणि मऊ आलटून पालटून बसवलंय म्हणून ती जितकी घासाल तितकी तिला आपोआप टाकी लागत राहते! गवत हे दिसायला मऊ पण त्याच्या पेशींमध्ये सिलिकाचे बारीक कण असतात, शिवाय जमिनीलगतची धूळमाती पोटात जाते, असलं खरखरीत खाणं दिवसभर दळायचं तर असंच जातं लागणार. घोड्याच्या उंच दाताच्या माथ्यावर इनॅमलच्या ज्या वेड्यावाकड्या घड्या दिसतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

एवढं करूनही दाढ संपतेच. त्यावरही तोड आहे. आपले दात खालून वर येतात, हत्ती-मॅमथच्या दाढा जबड्याच्या मागच्या टोकाला तयार होतात आणि सरकत्या पट्ट्यासारख्या पुढे पुढे येतात, पुढची झिजलेली दाढ तुकडे होऊन पडते आणि मागची तिची जागा घेते. जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात अशा सहा दाढा. सहावी झिजली की सातवी नाही. साधारण साठीच्या आसपास हत्तीवर ही वेळ येते, मग तो नीट चावू शकत नाही आणि उपासमारीने खंगत जातो. म्हणून दाढ कितवी आणि किती झिजलेली ते बघून जाणकार लोक त्या प्राण्याचं मरतानाचं वय सांगू शकतात.

मॅस्टोडॉनची दाढ शेजारी ठेवली तर लहान मूलसुद्धा फरक सांगेल, तिच्यावर शंकूसारखे जाड उंचवटे असतात कारण तो झाडपाला आणि डहाळ्या मोडून खायचा. फ्लोरिडात ऑसिला नदीच्या तळाशी पेज-लॅडसन नावाची जागा आहे, तिथे मॅस्टोडॉनची लीद चक्क टिकून राहिली आणि तिच्यात सायप्रस झाडाच्या चावलेल्या काड्या सापडल्या. आणि लीद नसली तरी नुसत्या इनॅमलवरून आहार कळतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी गवतं C4 पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, तर झाडं-झुडपं, गहू, तांदूळ C3 पद्धतीने. C3 वनस्पती जड कार्बन-13 जास्त टाळतात, त्यामुळे त्यांच्यात त्याचं प्रमाण C4 पेक्षा हजारात साधारण 14 भागांनी कमी भरतं, हा फरक खाणाऱ्याच्या इनॅमलच्या कार्बोनेटमध्ये उतरतो आणि इनॅमल इतकं घट्ट की हजारो वर्षं तो तसाच राहतो. तसंच स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं (कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर मोजलं तर प्राणी कुठल्या खडकाच्या प्रदेशात चरला तेही कळतं, 1999 साली फ्लोरिडातल्या दातांवर हे केलं तेव्हा बरेचसे मॅस्टोडॉन उत्तरेला जॉर्जियापर्यंत शेकडो किलोमीटर जाऊन येत होते आणि मॅमथ मात्र फार लांब जात नव्हते असं दिसलं. दातावरून प्रवास कळतो, अजून काय पाहिजे.

त्यामुळे "मॅमथ लवकरच परत येणार" अशा बातम्या वाचल्या की मला वाईट वाटतं. जीन बदललेला केसाळ हत्ती बनवला तरी तो मॅमथ नव्हे, आणि या दातांमधून जे वाचता येतं त्याची एक ओळसुद्धा त्या बातम्यांत नसते.

जीवाश्म शोधणाऱ्या हौशी लोकांना फ्लोरिडात मान आहे. व्हेरो बीचजवळ एका हौशी माणसाला सापडलेल्या हाडावर हत्तीवर्गातल्या प्राण्याचं कोरलेलं चित्र होतं, शास्त्रज्ञांनी तपासून 2011 मध्ये त्यावर पेपर लिहिला, हिमयुगातल्या माणसाने केलेलं ते काम. पण नियम आहेत. सरकारी जमिनीवर किंवा नदीपात्रात पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायला फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचं परमिट लागतं, फक्त शार्कच्या दातांना सूट आहे. काठ खणायचा नाही, मूळ रहिवाशांची दगडी हत्यारं दिसली तर उचलायची नाहीत. काय सापडलं, कुठे सापडलं याची यादी म्युझियमला द्यायची, 60 दिवसांत त्यांनी मागितलं नाही तर वस्तू तुमची. जागा लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ठिकाण माहीत नसलेला दात नुसता शोकेसमध्ये छान दिसतो, विज्ञानाला त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्याकडे काय, असं विचारतात. सह्याद्री आणि पठार बेसाल्टचं, तापलेल्या लाव्हात हाडं कुठली राहणार. पण नर्मदेच्या, गोदावरीच्या, मांजरेच्या काठच्या जुन्या गाळाच्या थरांत हत्ती, पाणघोडे, रानबैल यांचे जीवाश्म मिळालेत. हो, पाणघोडे, आपल्या नद्यांत! फ्लोरिडासारखी हौशी लोकांसाठी परमिटची सोय मात्र इथे नाही, म्हणून दरडीत हाड दिसलं तर उपटू नका, शेजारी पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. घरी नेऊन देवघरात ठेवलेलं किंवा ताईत केलेलं हाड कायमचं मुकं होतं.

माझी यादी मार्चमध्ये गेली. त्यात सहाव्या ओळीत "मॅमथ, दाढेची एक प्लेट, तुटलेली" असं लिहिलंय, पुढे नदीवरच्या जागेचे अक्षांश-रेखांश. 60 दिवस व्हायचेत अजून, तोवर प्लेट मुलीच्या घरी टेबलावर आहे, आणि व्हिडिओ कॉलवर नात रोज तिच्या कडेवरून बोट फिरवून सांगते की आजोबा, अजून खरखरीत लागतंय.