रक्त काढल्यावर चक्कर आली, रक्त लवकर थांबलं नाही तर

भरलेल्या ट्यूब पाहून ‘एवढं काढलंत, म्हणूनच गरगरलं,’ असं आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त देणारे पुष्कळ जण म्हणतात. हिशेब तसा नाही. एका ट्यूबमध्ये साधारण 2 ते 5 मिलि रक्त मावतं. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे 5 लिटर असतं. रक्तदानात 350 मिलि देऊनही लोक चहा-बिस्किट घेऊन कामाला लागतात.

चक्कर येते ती बहुधा सुईच्या धास्तीने किंवा कळ आल्याने. व्हेगस नावाचा मज्जातंतू उद्दीपित होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी झपकन खाली येतं. आधी जांभया, घाम, मळमळ. मग डोळ्यांपुढे अंधारी. जांभई आली तरी सांगा, लाजू नका. आडवं करून पाय उंच ठेवले की बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं. ‘जरा बाहेर हवेत जातो’ म्हणून उठू मात्र नका, अशा वेळीच माणूस पडतो. पूर्वी कधी चक्कर आली असेल किंवा बीपी मुळातच 90/60च्या खाली राहत असेल, तर आम्ही झोपवूनच रक्त घेऊ. आणि उपाशीपोटी म्हणजे निर्जळी नव्हे! साधं पाणी पिऊन या. शीरही पटकन सापडते.

रक्त उशिरा थांबणं ही निराळी गोष्ट. बीपी कमी असल्याने रक्त गोठायला वेळ लागतो, हा गैरसमज आहे. नेहमीचं कारण अगदी साधं असतं: कापूस ठेवून कोपर दुमडलं जातं, किंवा थांबलं का ते दर दहा सेकंदांनी उचलून पाहिलं जातं. हात सरळ ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तीन मिनिटं सलग दाबा, चोळू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाच ते दहा मिनिटं दाबा आणि सुई टोचण्याआधीच आम्हाला सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींवरचा) परिणाम आठवडाभर राहतो, त्यामुळे एक दिवस चुकवून फायदा काहीच नाही.

सुई टोचलेल्या जागी निळा डाग पडला, तर तो हिरवट-पिवळा होत एक-दोन आठवड्यांत जातो. पण पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, सूज वाढत असेल, किंवा हिरड्यांतून-नाकातून रक्त येत असेल, अंगावर बारीक लाल ठिपके उठले असतील (डेंग्यूच्या दिवसांत विशेषतः), तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.