धमनीच्या अस्तरातला वायू

सशाची महाधमनी कापून तिची पट्टी क्षारांच्या द्रावणात टांगायची, त्यात औषध टाकायचं आणि पट्टी आखडते की सैलावते ते मोजायचं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट फर्चगॉट वर्षानुवर्षं हेच काम करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत शरीरात रक्तवाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या मात्र त्यानं आखडायच्या. १९७८ साली सहाय्यकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि त्याच जातीच्या द्रव्यानं धमनी चक्क सैलावली. चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. साठी ओलांडलेल्या फर्चगॉट यांनी ते सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. शोधता शोधता कळलं, की पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जायची. या वेळी ती शाबूत राहिली होती.

त्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तोवर त्याला केवळ अस्तर समजत. प्रत्यक्षात ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, तो भिंतीतल्या स्नायूत शिरतो, स्नायू सैलावतो, वाट रुंदावते. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, म्हणून तो सतत तयार व्हावा लागतो. १९९८ सालचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना याच कामासाठी मिळालं.

आता बीपीकडे येऊ. पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा सुपरऑक्साइड नावाचा एक भडक रेणू तयार होतो. थोडा असेल तर शरीर त्याला आवरतं. आवरण्यापेक्षा तयार होणं वाढलं, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले, की क्षणार्धात एकमेकांना चिकटतात. सैलावणारा वायू संपतोच, वर पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल द्रव्य उरतं. ते वायू बनवणाऱ्या एन्झाइमचा साथीदार रेणूच बिघडवतं आणि मग ते एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइडच बनवू लागतं. कुंपणानंच शेत खाल्लं, तसं.

बीपी वाढलेलं असताना अँजिओटेन्सिन हे संप्रेरक पुष्कळदा हे सुपरऑक्साइड वाढवतं. वय वाढतं तसं तेच हळूहळू, बीपी नसलेल्यांतही घडतं. शिवाय धमन्यांच्या भिंती ताठरतात, म्हणूनच उतारवयात बऱ्याच जणांचं वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं.

मग अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे अशा भडक रेणूंना शमवणाऱ्या द्रव्यांच्या, गोळ्या घ्याव्यात का? मला हा प्रश्न नेहमी विचारतात. हाताच्या धमनीत थेट व्हिटॅमिन सी सोडलं, तर बीपीच्या रुग्णांत अस्तराचं काम तात्पुरतं सुधारतं, हे इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना पाच वर्षं रोज ई, सी आणि बीटा-कॅरोटिन दिलं. २००२ साली निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, काहीच कमी झालं नाही. कारण रसायनशास्त्रात आहे. व्हिटॅमिन सी सुपरऑक्साइडला ज्या वेगानं गाठतं, त्याच्या हजारो पट वेगानं नायट्रिक ऑक्साइड त्याच्या तावडीत सापडतं. गोळीतलं जीवनसत्त्व पोहोचेपर्यंत चोरी होऊन गेलेली असते.

नळ वाहत असताना फरशी पुसण्यात अर्थ नाही, नळ बंद करायला हवा. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या बीपीच्या गोळ्या काही अंशी तेच करतात, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत त्या परस्पर थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. दुसरा उपाय पायांत आहे. चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, तो अस्तराला घासत जातो आणि त्या घर्षणानंच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवतं. अमेरिकेत बैठं आयुष्य गेलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांना तीन महिने नियमित व्यायाम, मुख्यतः चालणं, करायला लावलं. अ‍ॅसिटिलकोलीन दिल्यावर त्यांच्या हातातल्या रक्तवाहिन्या तरुणांइतक्या सैलावू लागल्या.