मणक्यातली गाठ आणि सुरीची भीती : पार्श्वभूमी

‘मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला’ हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही ऐकू येतं. पायांना मुंग्या आल्या की आधी मालीश, मग वाताचं औषध, आणि चालताना झोक जाऊ लागला की मुंबईच्या मुलाला फोन. या भीतीला इतिहास आहे.

मज्जारज्जूवरची, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरावरची, गाठ काढून रुग्ण बरा झाल्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया लंडनला, जून १८८७ मध्ये झाली. एक्स-रे अजून यायचा होता. मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी संवेदना कुठून हरवते एवढं तपासून गाठीची जागा ठरवली. सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी पाठ उघडली, तर तिथे गाठ नाही! आणखी वरचं हाड काढलं तेव्हा ती दिसली. पाय लुळे पडलेला तो रुग्ण पुढे चालू लागला.

ही गाठ मज्जारज्जूच्या बाहेर होती. आतल्या गाठीसाठी न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ च्या सुमारास वेगळी वाट काढली. जेमतेम करंगळीएवढ्या जाडीच्या मज्जारज्जूला मागून चीर द्यायची, गाठीला हात न लावता वरची जखम शिवायची आणि आठवडाभर थांबायचं. आतल्या दाबाने गाठ आपणहून बाहेर सरकली की दुसऱ्यांदा पाठ उघडून ती काढायची. किती धीर लागला असेल! तरीही नंतरची अनेक दशकं बरेच सर्जन आतल्या गाठीचा तुकडा तपासणीला घेऊन रेडिएशनवरच थांबत.

सूक्ष्मदर्शक, रक्तस्राव नेमका रोखणारा बायपोलर चिमटा आणि १९८० च्या दशकातला एमआरआय यांनी चित्र पालटलं. प्रौढांत आतल्या गाठींपैकी सर्वाधिक आढळणारी एपेन्डायमोमा बहुधा वेगळी सुटते, म्हणून ती पूर्ण काढता येते. अ‍ॅस्ट्रोसायटोमा या आतल्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठीच्या कडा मज्जारज्जूच्या पेशीजालात मिसळलेल्या असतात. तिथे सर्जनला हात आवरावा लागतो.

भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग वेल्लोरला १९४९ मध्ये सुरू झाला. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली १९९८ मध्ये. त्याआधी लुळ्या माणसाला घाट चढवून किंवा बोटीने न्यायचं म्हणजे घरच्यांची परीक्षाच. पाय गेल्यावर पोचलेला रुग्ण तसाच परतला, की गावाने सुरीला दोष दिला असणार, असं मला वाटतं. ऑपरेशनआधी जो चालत असतो तो पुढेही चालता राहण्याची शक्यता मोठी. फार दिवस लुळे पडलेले पाय क्वचितच पूर्ण सावरतात. आडवं झाल्यावर वाढणारी पाठदुखी, पायांतली कमी होत जाणारी ताकद, अडणारी लघवी, यांतलं काहीही दिसलं तर मालीश थांबवून आधी न्यूरोसर्जनला दाखवा, मग ते सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला असो की चिपळूणहून मुंबईला.