उपमिलिमीटर दीर्घिका

विश्वाच्या पहिल्या तीन-चार अब्ज वर्षांत प्रचंड वेगाने तारे घडवणाऱ्या, परंतु धुळीने झाकल्यामुळे दृश्य प्रकाशात अतिशय अंधुक दिसणाऱ्या दूरच्या दीर्घिकांना उपमिलिमीटर दीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेत दर वर्षी सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे जन्मतात. या दीर्घिकांत हे प्रमाण शेकडो पट, क्वचित हजार पटींहून अधिक असते.

नवजात ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश सिलिकेट व कार्बन यांचे सूक्ष्म धूलिकण शोषून घेतात, त्यामुळे साधारण ३० ते ४० केल्विनपर्यंत तापतात आणि ती ऊर्जा सुमारे १०० मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त तरंगांच्या रूपाने बाहेर टाकतात. विश्वाच्या प्रसरणामुळे हे तरंग ताणले जाऊन आपल्यापर्यंत उपमिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा थोड्या कमी तरंगलांबीच्या, पट्ट्यात पोहोचतात. कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून १९९६ च्या सुमारास आकाशभर पसरलेले दूर-अवरक्त पार्श्वप्रारण उघड झाले आणि त्याची ऊर्जा दीर्घिकांच्या एकूण दृश्य प्रकाशाच्या तोडीची निघाली. विश्वातील ताऱ्यांचा जवळजवळ अर्धा प्रकाश तोपर्यंतच्या दृश्य सर्वेक्षणांतून निसटला होता, असाच याचा अर्थ होतो.

या प्रारणामागील दीर्घिका सुट्या ओळखण्याचे काम हवाईतील मौना केआ येथील १५ मीटर व्यासाच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवर बसवलेल्या स्कूबा कॅमेऱ्याने १९९७ पासून सुरू केले. दीर्घिका जितकी दूर तितका तिच्या वर्णपटाचा अधिक तेजस्वी भाग ८५० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात सरकतो, आणि अंतरामुळे घटणारे तेज त्याने जवळपास भरून निघते. म्हणून ताम्रसृती (प्रसरणामुळे तरंग किती ताणले गेले याचे माप; ती जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर) १ असो वा ८, तेवढ्याच दीप्तीची दीर्घिका जवळजवळ सारखीच तेजस्वी दिसते. ही सोय मोठी असली तरी तिची किंमतही मोठी आहे, कारण तेजावरून अंतराचा काहीच अंदाज बांधता येत नाही. त्यातच या दुर्बिणीचे विभेदन, म्हणजे जवळजवळच्या वस्तू वेगळ्या दाखवण्याची मर्यादा, सुमारे १४ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असल्याने तिच्या एका ठिपक्याच्या क्षेत्रात हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रातील अनेक दीर्घिका मावतात आणि त्यांपैकी नेमकी कोणती, हे ठरत नाही. हबल डीप फील्ड या हबलने खोलवर टिपलेल्या आकाशाच्या छोट्या तुकड्यातील सर्वांत तेजस्वी उपमिलिमीटर स्रोत एचडीएफ८५०.१ हा १९९८ मध्ये सापडला; पण त्याची ताम्रसृती ५.१८ असल्याचे २०१२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड व आयनीभूत कार्बन यांच्या वर्णरेषांवरून निश्चित झाले. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम १.१ अब्ज वर्षे होते.

दरम्यानच्या काळात रेडिओ दुर्बिणींनी स्थान निश्चित करून केक दुर्बिणीने वर्णपट घेण्याची पद्धत रूढ झाली आणि बहुतेक दीर्घिका ताम्रसृती २ ते ३ या पट्ट्यात आढळल्या. मात्र रेडिओ तेज अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्यामुळे सर्वांत दूरच्या दीर्घिका या निवडीतून गळत होत्या, हे तो निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावे लागते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे ५,००० मीटर उंचीवर ६६ अँटेना असलेल्या आल्मा वेधशाळेने स्थान थेट उपमिलिमीटर पट्ट्यातच नेमके ठरवून ही अडचण बरीच दूर केली. एकच वाटलेले काही तेजस्वी स्रोत प्रत्यक्षात दोन किंवा अधिक दीर्घिकांचे निघाले. दक्षिण ध्रुव दुर्बिणीने शोधलेला एसपीटी०३११-५८ हा स्रोतही आल्माच्या निरीक्षणांत दोन दीर्घिकांची जोडी ठरला. ताम्रसृती ६.९ इतक्या अंतरावरील या जोडीचे तपशील मिळण्यास मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगाची, म्हणजे तिच्या गुरुत्वाने प्रकाश वाकून प्रतिमा मोठी होण्याची, मदत झाली.

इतक्या लवकर एवढी धूळ कोठून आली, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. कमी वस्तुमानाच्या वृद्ध ताऱ्यांना धूळ सोडण्यास पुष्कळ काळ लागतो. अतिनवतारे (स्फोट पावणारे तारे) ती लवकर निर्माण करतात, पण त्यांचेच आघात-तरंग तिचा काही भाग नष्टही करतात. शिवाय धुळीचे वस्तुमान एकाच तरंगलांबीवरून काढायचे झाल्यास तापमान गृहीत धरावे लागते. ताम्रसृती ७ ला महास्फोटापासून उरलेले वैश्विक पार्श्वप्रारणच सुमारे २२ केल्विन असल्यामुळे थंड धूळ त्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही आणि तेवढी दुरुस्ती न केल्यास तिचे वस्तुमान कमी भरते.