गासादालुर : डोंगरवाटेपासून बोगद्यापर्यंत

उत्तर अटलांटिक महासागरात स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या दरम्यान डेन्मार्कच्या राज्याचा भाग असलेला फेरो बेटांचा समूह आहे. त्यातील अठरा बेटांपैकी वागार या बेटाच्या पश्चिम बाजूला, कड्यावरून थेट समुद्रात कोसळणाऱ्या मूलाफॉसुर धबधब्याच्या माथ्यावर गासादालुर हे चिमुकले गाव वसलेले आहे. धबधबा, त्यावरची मोजकी घरे आणि मागचे हिरवे डोंगर असे या गावाचे छायाचित्र आज जगभर पोहोचले आहे आणि बहुतेक पर्यटक तेच पाहून येथे येतात. त्या छायाचित्रात दिसत नाही ती गावात येण्याची जुनी वाट. गासादालुरचा इतिहास मात्र मुख्यतः त्या वाटेचाच इतिहास आहे.

गावाच्या उत्तरेला 722 मीटर उंचीचा आर्नाफ्याल हा वागारमधील सर्वांत उंच डोंगर उभा आहे. पूर्वेचे शिखरही त्याच्याहून फारसे कमी नाही. दक्षिणेकडे तेवढे मोकळे आहे, पण तेथे समुद्र आहे आणि गाव त्याच्यापासून बरेच उंचावर आहे. समुद्र डोळ्यांसमोर असूनही खालच्या किनाऱ्याला होडी लावणे इतके अवघड होते की, गासादालुरच्या लोकांना मासेमारी करायची झाल्यास आपल्या होड्या शेजारच्या बोउर गावाजवळ ठेवाव्या लागत. म्हणजे मासे धरायला निघालेल्या माणसाला आधी डोंगर ओलांडावा लागे.

बोउरकडे जाणारी ही वाट समुद्राच्या बाजूच्या उतारावरून चारशे मीटरहून अधिक उंची गाठते आणि मग खाली उतरते. घरात लागणारी आणि गावात न पिकणारी प्रत्येक वस्तू याच वाटेने, बहुधा माणसाच्या पाठीवरून येत असे. 1873 पर्यंत गावाला स्वतःचे दफनस्थान नव्हते, त्यामुळे मृतदेहही शवपेटीत घालून याच वाटेने बोउरला न्यावा लागे. वाटेत एक मोठा दगड आहे. त्याला स्थानिक भाषेत ‘लीकस्टाइनुरिन’, म्हणजे प्रेताचा दगड, असे म्हणतात. चढ एवढा उभा होता की, खांदेकऱ्यांना पेटी टेकवून दम घेण्याजोगी जागा या दगडाजवळच मिळत असे. याच वाटेवर पवित्र मानलेला एक झराही आहे. मरणासन्न बाळाला बाप्तिस्मा देण्यासाठी निघालेल्या धर्मगुरूची आणि बाळाला घेऊन येणाऱ्या मंडळींची येथेच गाठ पडली आणि या पाण्याने तो विधी झाला, असे सांगितले जाते. जन्म आणि मृत्यू या दोहोंच्या खुणा एकाच डोंगरवाटेवर असाव्यात, यावरून ही वाट गावाच्या जगण्यात किती खोल गेली होती हे समजते.

गावाच्या नावाविषयी एक आख्यायिका आहे. ईस्टरपूर्वीच्या लेंट या ख्रिस्ती उपवासकाळात मांस खाल्ल्यामुळे गेसा नावाच्या स्त्रीला किर्क्यूबोउर हे गाव सोडून पळावे लागले आणि तिने या दरीत आसरा घेतला, म्हणून ही गेसाची दरी, अशी ती कथा. ‘गास’ म्हणजे हंसाच्या जातीचा रानटी पक्षी, हा अर्थ मात्र मला अधिक संभवनीय वाटतो.

गाव मागे का पडले, याचे उत्तर केवळ डोंगरात नाही. शतकानुशतके फेरो बेटांचे अर्थकारण मेंढ्यांवर उभे होते. मेंढ्यांच्या चराईचे नियम सांगणारा राजसत्तेचा आदेश 1298 सालचा आहे आणि बेटांच्या राजचिन्हावर आजही मेंढाच आहे. त्या व्यवस्थेत चांगली जमीन आणि मुबलक चराऊ रान असलेले गासादालुर कोणापेक्षा कमी नव्हते. 1856 मध्ये बेटांवरील डेन्मार्कच्या राजसत्तेची व्यापारी मक्तेदारी संपली आणि पुढच्या काही दशकांत शिडाच्या मोठ्या जहाजांतून खोल समुद्रातील मासेमारी हा मुख्य व्यवसाय झाला. ज्या गावांना बंदर होते ती वाढली. ज्यांना नव्हते त्यांच्या हाती मेंढ्या आणि गवत एवढेच उरले.

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल 1940 मध्ये, जर्मनीने डेन्मार्क घेतल्यानंतर ब्रिटिश सैन्य फेरो बेटांवर उतरले. वागारवरील विमानतळ हे त्याच काळातील ब्रिटिशांचे काम. गासादालुरलाही 1940 मध्ये किनाऱ्यापासून गावापर्यंत चढणारा जिना बांधून मिळाला. त्यामुळे समुद्राकडून गाव थोडे जवळ आले, पण बंदर काही झाले नाही. युद्धानंतरही टपाल डोंगरावरूनच येत राहिले. आठवड्यातून तीन दिवस पोस्टमन पत्रे आणि पार्सले पाठीवर घेऊन ही वाट चढत असे. पाऊस, धुके, बर्फ काहीही असले तरी दुसरा मार्ग नव्हता. आज पर्यटक जिला ‘पोस्टमनची वाट’ म्हणून ओळखतात ती हीच.

2002 मध्ये वागार बेट सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील बोगद्याने शेजारच्या स्ट्रेमोय बेटाशी जोडले गेले आणि राजधानी टोर्सहाउनला जाण्यासाठी फेरीबोटीची गरज संपली. त्याच वर्षी गासादालुरमध्ये केवळ सोळा माणसे राहत होती आणि बरीच घरे रिकामी होती. 2004 मध्ये डोंगर फोडून सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा तयार झाला आणि गाव प्रथमच मोटारीच्या आवाक्यात आले. सोळा माणसांसाठी डोंगर फोडण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कोणतेही गाव केवळ वाटेअभावी ओस पडू देऊ नये, ही त्यामागची भूमिका होती, असे मी मानतो.

बोगद्याने गाव टिकले, तरी तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने परतली नाहीत. गावाभोवतीची माती चांगली असूनही जमिनीचा बराच भाग पडीक आहे. आले ते पाहुणे. ते काही मिनिटांत बोगद्यातून बाहेर पडतात, धबधब्यासमोर थांबतात आणि परत जातात. ज्यांच्याकडे अर्धा दिवस आहे आणि पायांत बळ आहे त्यांनी हवा स्वच्छ असताना बोउरच्या बाजूने जुन्या वाटेने यावे. वर चढताना पाठीमागे समुद्रात टिंढोल्मुर या छोट्या बेटाची करवती शिखरे दिसत राहतात, प्रेताचा दगड वाटेतच लागतो आणि खिंड ओलांडली की पायाखाली गासादालुरची घरे दिसू लागतात, पाठीवर टपालाची पिशवी घेतलेल्या पोस्टमनला दिसत असत तशीच.