खातं आधारला ‘लिंक’ आहे, मग पैसे कुठे गेले?

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात मी रविवारी सरकारी योजनांचे फॉर्म भरून द्यायला बसते. पहिल्या तासातच कुणीतरी विचारतं, “ताई, लिंक तं आहे माझं, मग पैसे काऊन नाही येऊन राहिले?” विचारणारी बाई खोटं बोलत नसते. बँकेतल्या माणसानं संगणकात पाहून ‘लिंक आहे’ असंच सांगितलेलं असतं, आणि तोही खोटं बोलत नसतो. ‘लिंक’ या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या नोंदी येतात, आणि बाईला लागते त्याहून भलतीच नोंद पाहिली जाते.

पहिली नोंद बँकेच्या स्वतःच्या दप्तरातली. तुम्ही आधार दिलं, बँकेनं ते तपासून तुमच्या खात्यासमोर टिपलं, एवढीच ती. पाच बँकांत खाती असतील तर ही नोंद पाचही ठिकाणी असू शकते.

दुसरी नोंद कुठल्याही बँकेत नसते. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय या संस्थेकडे असते. तिथे एका आधार क्रमांकासमोर एकच बँक लिहिलेली असते. याला सीडिंग किंवा मॅपिंग म्हणतात. काउंटरवर ‘डीबीटी, म्हणजे थेट लाभ हस्तांतर, चालू आहे का’ असंही विचारतात. सरकार आधारवरून पैसे पाठवतं तेव्हा ही नोंद पाहिली जाते. मोहल्ल्यात तुम्हाला ओळखणारी पाच घरं असतील, पण तुमचं टपाल कुठल्या घरी टाकायचं ते पोस्टात एकच लिहिलेलं असावं, तसं हे आहे. ओळख पाच ठिकाणी असली तरी टपाल एकाच घरी जातं.

एनपीसीआयकडच्या या नोंदीत खाते क्रमांक नसतो, फक्त बँक असते. एकाच बँकेत दोन खाती असतील तर पैसे कशात टाकायचे हे ती बँक तिच्याकडच्या नोंदीवरून ठरवते. म्हणून बँक बरोबर असूनही पासबुक कोरं राहिलेलं मी पाहिलं आहे.

फॉर्मवर खाते क्रमांक विचारतात, त्यानं गोंधळ आणखी वाढतो. बाई वाचू शकत असो वा नसो, तिला एवढं कळतं की जो नंबर लिहिला तिथेच पैसे यायला हवेत. हिशोबानं तिचं बरोबरच आहे. पण जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये सुरू झाले, तेव्हा ते आधारला जोडलेल्या खात्यात जाणार होते. फॉर्मवर एक बँक आणि सीडिंग दुसरीकडे असेल तर पैसा आधारच्या मागे गेला. कुठेच सीडिंग नसेल तर अडकला. काही योजना अजूनही खाते क्रमांकावर पैसे टाकतात, त्यामुळे एकाच घरात, एकाच बाईचे पैसे दोन बँकांत येतात. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

मागच्या वर्षी एक मावशी आल्या. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ तोडायला जातात. पन्नीत दोन पासबुकं होती, आणि एक कार्ड. एक जनधनचं, 2014 मधलं, कोपरे दुमडलेलं. दुसरं बचत गटासाठी उघडलेल्या खात्याचं. तिसऱ्या खात्याचं पासबुक नव्हतंच, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं एक क्यूआर कार्ड होतं, आणि ते त्यांनी ‘कसलं तरी कार्ड’ म्हणून ठेवलं होतं. बचत गटाच्या खात्यात चार महिने पैसे दिसले नव्हते. त्यासाठी त्या दोनदा बँकेत जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा रोजी बुडाली, आणि दोन्ही वेळा ‘लिंक आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

“अंगठा तं लागते ना तिथं, पैसे निघते,” त्या म्हणाल्या. हा पुरावा इतका पटण्यासारखा आहे की सुरुवातीला मीही फसले होते. बँक मित्राच्या, म्हणजे वस्तीत बँकेच्या वतीनं पैसे देणाऱ्याच्या मशीनवर बँक निवडून अंगठा लावला आणि पैसे निघाले, म्हणजे पहिली नोंद झाली आहे एवढंच कळतं. त्या बँकेला तुमचं आधार माहीत आहे. सरकारचा पैसा तिथेच येतो हे त्यावरून ठरत नाही. अंगठा एकाच आधारवर दोन-तीन बँकांत चालू शकतो, सीडिंग मात्र एकाच बँकेत असतं.

आधारच्या संकेतस्थळावर मावशींचा क्रमांक टाकला, मोबाईलवर ओटीपी आला, आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये पोस्टाच्या बँकेचं नाव, ‘ॲक्टिव्ह’ हा शेरा आणि बदलाची तारीख दिसली. तारीख वाचून दाखवली तेव्हा त्यांना आठवलं, “हो, त्या दिवशी शिबिर होतं, अंगठा घेतला होता.” नवं खातं उघडताना सीडिंगची संमती घेतली, की आधीची बँक मागे पडते आणि नवी तिच्या जागी बसते. सगळ्यात शेवटी जिथे संमती दिली तिथे पैसा जातो. 2017 मध्ये एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी त्यांना नीट कळायच्या आधीच वळली होती, आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला होता. तिथेही हाच मार्ग होता.

सगळी पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. 1 जानेवारी 2013 पासून थेट लाभ हस्तांतर सुरू झालं. 15 नोव्हेंबर 2014 ला गॅस सबसिडी आधी 54 जिल्ह्यांत, मग 1 जानेवारी 2015 पासून देशभर खात्यात येऊ लागली. मधल्या हातांचं खाणं कमी झालं, बाईच्या नावावर पैसा आला, आणि ही लहान गोष्ट नाही. पण पैसा कुठे आहे हे शोधण्याचं काम आधी कार्यालयाचं होतं, ते आता त्या बाईवर आलं. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रोजगार हमीच्या मजुरांचंही तेच झालं. 1 जानेवारी 2024 पासून त्यांची मजुरीसुद्धा आधारवरूनच येते. मॅपिंग चुकलं तर केलेल्या कामाचा दाम अडतो.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो फरक असा. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, पण सरकारी लाभांसाठी आधार मागायला मुभा ठेवली. धरमपेठेतल्या सुखवस्तू माणसाला आधार न जोडता खातं चालवता येतं. टेका नाक्याच्या निराधार बाईला तो पर्याय नाही. म्हणून तिला ही दुसरी नोंद नीट समजावून सांगणं हे काउंटरवरच्या माणसाचं काम आहे, उपकार नाही.

तेव्हा बँकेत गेलात तर ‘लिंक आहे का’ असं विचारू नका. ‘माझं एनपीसीआयला सीडिंग तुमच्याच बँकेत आहे का, आणि कोणत्या खात्यावर?’ असं विचारा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर हे घरबसल्या दिसतं. नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर जोडून घ्या. बँक बदलायची असेल तर नव्या बँकेत आधार सीडिंगचं संमतीपत्र भरून द्या. आधीची बँक कोणती होती ते त्यावर लिहावं लागतं, म्हणून ते आधी पाहून जा. पोच घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. रेशन दुकानात अंगठा लावून होणारी केवायसी, म्हणजे ओळख तपासणी, पूर्णपणे वेगळी आहे. ती केली म्हणून बँकेचं काही होत नाही, आणि बँकेचं केलं म्हणून धान्य सुरू होत नाही.

आणि बदलायलाच हवं असंही नाही. मी मावशींसाठी फॉर्म काढला होता, पैसे बचत गटाच्या बँकेकडे वळवावे म्हणून. त्यांनी विचारलं, पोस्टातला पैसा काढायला लाइन लागते का? मी सांगितलं, पोस्टमनला बोलावलं तर तो घरी मशीन घेऊन येतो. चारही हप्ते तिथेच जमा होते. मिरचीनं घासलेला त्यांचा अंगठा तिसऱ्या वेळेला लागला, पैसे मोजून त्यांनी पदराला बांधले, आणि म्हणाल्या, “मंग राहू दे तिथंच.” फॉर्म मी परत फाईलमध्ये ठेवला. त्या क्यूआर कार्डावर त्यांच्या नातीनं पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आजीचे सरकारी पैसे’.