मुंबईच्या गॅलरीत फ्रीसिया: सगळा खेळ मुळांजवळच्या तापमानाचा

फ्रीसिया या सुवासिक फुलझाडाचे कंद घरी आले की बरेच जण ट्युलिपसारखे ते आधी फ्रिजमध्ये ठेवतात. कंद वाया जातात ते बहुतेकदा इथेच. फ्रीसिया मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. त्या उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपलेला असतो आणि त्याची झोप मोडते ती उष्णतेने. शेतीत त्यासाठी कंद साधारण 30 अंश सेल्सिअसला दहा ते तेरा आठवडे ठेवतात. ही ऊब मिळण्याआधीच कंद थंडीत गेला, तर कोंब येत नाही. जुन्या कंदाच्या डोक्यावर नुसता नवा कंद तयार होतो आणि तो हंगाम हातचा जातो.

गारवा लागतो, पण तो नंतर, रोपाला पानं फुटल्यावर. फुलाचा दांडा आतल्या आत घडायला सुरुवात होते तेव्हा मुळांजवळची माती 12 ते 15 अंशांच्या आसपास हवी. ती बराच काळ 18 च्या वर राहिली तर पानं वाढत राहतात, दांडा येणं मात्र पुढे ढकललं जातं. मुंबईत खरी अडचण हीच आहे. जानेवारीत सांताक्रूझला रात्रीचा पारा सरासरी 17 च्या आसपास उतरतो, कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश वरच राहतो, आणि दुपारी दोन्हीकडे तिशी गाठलेली असते. म्हणून बोरिवली, मुलुंडकडच्या गॅलरीत शक्यता जरा जास्त. एसीची खोली उपयोगाची नाही: 24 अंश फ्रीसियासाठी गरमच, आणि तिथे ऊनही अपुरं.

तरीही मुळांजवळची माती थंड ठेवणं थोडंफार आपल्या हातात आहे. प्लास्टिकची किंवा रंगवलेली कुंडी टाळा. साधी मातीची 15 सेंटीमीटरची कुंडी घ्या. ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती रोज ओली ठेवा. माठातलं पाणी गार होतं, तसंच पाझरलेलं पाणी उडून जाताना कुंडीतली उष्णता घेऊन जातं. हिवाळ्यात मुंबईची दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे हा उपाय नेमका तेव्हाच चांगला चालतो. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत ठेवा. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरे, अकरानंतर सावली.

विकत घेताना कंद हाताला टणक आणि जड लागायला हवा, आणि उष्णता दिलेलेच कंद मागा. तयार कंदाच्या तळाशी मुळांचे बारीक उंचवटे दिसतात. ते नसतील तर लावण्याची घाई नको. लागवड 10 ते 20 नोव्हेंबरच्या सुमारास करा, म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा टळतो आणि थंडी ऐन भरात येईपर्यंत रोपाला तीन-चार पानं आलेली असतात. एका कुंडीत सहा कंद, टोक वर, 5 सेंटीमीटर खोल.

मातीत दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं कंपोस्ट, एक भाग जाड वाळू आणि ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं मूठभर शेणखत घाला. कोकोपीट धुणं टाळू नका. त्यातले क्षार फ्रीसियाला सोसत नाहीत. सुपर फॉस्फेट अजिबात नको. त्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं करपतात आणि लोक ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आणखी पाणी ओततात. मग कंद सडतो. पानं फुटल्यावर दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट एवढं खत पुरतं.

पानं पंख्यासारखी पसरतात आणि लवकर झुकतात. कडेने चार बांबूच्या काड्या रोवून दोन उंचींवर सुतळी बांधा, तीही पानं वीतभर होण्याआधी. मावा दिसला की लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. विषाणू तोच पसरवतो. पानांवर पिवळे पट्टे आलेलं रोप कंदासकट काढून टाकावं.

फ्रीसियाचा दांडा फुलांपाशी काटकोनात वळतो आणि सगळी फुलं वरच्या बाजूला ओळीने उमलतात. कळी घडायला लागल्यावर अचानक उकाडा झाला, तर पहिली कळी बाकीच्यांपासून लांब, एकटीच खाली राहते. फुलं तरी येतात, सुवासही तोच. कळ्या न उमलताच वाळल्या, तर जवळ पिकती केळी किंवा आंबे आहेत का ते बघा: त्यांतून निघणारा इथिलीन वायू त्याला कारण असतो. फुलदाणीसाठी पहिली कळी उमलू लागताच दांडा कापा.

फुलांनंतर पानं पिवळी पडेपर्यंत पाणी चालू ठेवा. पुढचा कंद त्याच काळात भरतो. मुंबईत मार्चच्या उन्हाने पानं लवकर वाळतात, म्हणून तो कंद लहानच राहतो आणि दुसऱ्या वर्षी त्यातून बहुधा फक्त पानं येतात. दर वर्षी नवे कंद घेणं बरं. जुने ठेवायचेच असतील तर माती झटकून, जाळीच्या पिशवीत, वारा खेळेल अशा उंच फळीवर टांगा. पावसाळ्यात त्यांना ऊब आपोआप मिळते. दर आठवड्याला बुरशी तेवढी तपासा आणि मऊ लागलेला कंद लगेच बाजूला काढा.